एक्केचाळिसावा दिवस

२८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारलंय असं समज, कारण काम महत्त्वाचं आहे आणि कागद एकच सापडलाय. फोन करत नाही, कारण माझा फोन आई रोज बघते. पत्रं मात्र ती बघत नाही. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडायचं नाही हा तिचा नियम तुला माहीतच आहे. विजेच्या बिलावर बाबांचं नाव असलं तरी ते बाबा येईपर्यंत तसंच पडून असतं.

तर काम असं. आमच्या भाषेच्या बाईंनी प्रकल्प दिलाय, ‘शाळेत घडणाऱ्या प्रेमकथा आणि स्त्रीवाद’. प्रत्येकानं एक कादंबरी घ्यायची. वर्गातल्या चौतीस जणांपैकी एकोणीस जणांनी तुझी ‘फाटकापाशी चाळीस दिवस’ घेतलीय. मी तुझी भाची असल्यामुळे मला दुसरं काही घ्यायची सोयच नव्हती. मी ती तिसऱ्यांदा वाचली, आणि या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचली. नायक नायिकेला शाळेत विचारतो, ती नाही म्हणते. तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा नाही म्हणते. मग तो तिच्या घराच्या फाटकापाशी रोज संध्याकाळी उभा राहायला लागतो, तिची वही मिळवून हिरव्या शाईनं तिच्या ओळींना उत्तरं लिहितो, आणि चाळिसाव्या दिवशी ती खाली उतरून हो म्हणते. संपली गोष्ट.

मी मोजलं. ती एकूण अकरा वेळा नाही म्हणते. त्याला ते किती वेळा ऐकू येतं, तर एकदाही नाही.

प्रश्न एक: तुझी नायिका स्त्रीवादी आहे का? बाई म्हणतात आहे, कारण वादविवाद स्पर्धेत ती मुलींच्या शिक्षणावर जोरदार बोलते. प्रश्न दोन: मग फाटकापाशी तिची वाचा का बसते? सविस्तर लिही, मला दहा पानं भरायची आहेत.

तुझी,
खार

(घरात मला आता फक्त तूच खार म्हणतेस. लहानपणी गालात बिस्किटं साठवायचे ते बाकीचे विसरलेत.)

३ ऑक्टोबर

लाडके खारुटले,

तुझं पत्र वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. अकरा वेळा! पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या, पण आजवर एकाही समीक्षकानं मोजायचे कष्ट घेतले नाहीत. घरचं माणूसच असं आतड्यापर्यंत बघतं.

आता उत्तर. माझी नायिका नक्कीच स्त्रीवादी आहे. ती त्याला चाळीस दिवस उभं करते, यात सगळं आलं. पूर्वीच्या गोष्टींतल्या मुली पहिल्या दिवशीच मान खाली घालून लाजायच्या. हिनं त्याला घाम फोडला. आणि राणी, प्रेमाच्या गोष्टीत ‘नाही’ हेच तर इंधन असतं. तिनं पहिल्याच पानावर हो म्हटलं असतं तर उरलेली दोनशे पानं मी काय लिहिणार होते, हवामानाचा अंदाज?

शिवाय ही गोष्ट हवेतली नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझे बाबा आमच्या फाटकापाशी असेच उभे राहायचे. मी दहा वर्षांची होते. कठड्यावर हनुवटी टेकून मी रोज बघायची, आज त्यांनी कुठला शर्ट घातलाय. ताई तेव्हा सतरा वर्षांची, रसायनशास्त्रात शाळेत पहिली, आणि नाकापुढे मुंगीलाही उभं न करणारी. तिला शेवटी खाली उतरताना मी पाहिलंय. आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. म्हणून तर पुस्तक भावोजींना अर्पण केलं.

हे सगळं प्रकल्पात घाल. लेखिकेची खास मुलाखत म्हटल्यावर बाईंना गुण द्यावेच लागतील.

तुझी,
मावशी

१० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पंचवीसपैकी अठरा. बाईंनी शेवटी शेरा मारलाय, ‘मोजणी छान, पण प्रेमाची भाषा गणिताने कळत नाही.’

तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. ते सुंदर आहे, पण माझ्या प्रश्नाचं नाही. म्हणून आता प्रकल्प संपल्यावर, गुणांसाठी नाही, असंच विचारते. समज, नायिकेला खरोखरच नाही म्हणायचं होतं. घाम फोडायचा नव्हता, वाट बघायला लावायची नव्हती, नुसतं नाही म्हणायचं होतं. तर तिनं ते कसं म्हणायला हवं होतं? कुठले शब्द वापरायला हवे होते? तू लेखिका आहेस, तुला शब्द माहीत असणार.

बाकी ठीक. पोहण्याचा सराव सुरू आहे, आंतरशालेय निवड अकरा नोव्हेंबरला. मी अभ्यासाचं टेबल खिडकीतून उचलून मागच्या खोलीत, आईच्या कामाच्या टेबलाशेजारी लावलंय. ती दातांच्या कवळ्या घडवते आणि मी समीकरणं सोडवते. मेणाचा वास येतो, पण तिथं बरं वाटतं. आईला हल्ली एक नवीन खूळ लागलंय. रोज संध्याकाळी पाच वाजता पुढच्या गॅलरीत चादरी वाळत घालते, धुतलेल्या नसल्या तरी.

तुझी,
खार

१५ ऑक्टोबर

अगं लबाडे,

मला काय दुधखुळी समजतेस? खिडकीतलं टेबल हलवलं, पोरीला अचानक नायिकेच्या मनाची काळजी लागली, आणि कुठले शब्द वापरायचे म्हणून लेखिकेला विचारतेय! कोण गं तो? उंच आहे का? कविता करतो की नुसता बघतो? मावशीपासून लपवायचं नाही. मी तुझ्या आईबाबांची टपालवाली होते, मला सगळ्या खाणाखुणा कळतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे. तिला खरोखर नाही म्हणायचं असतं तर कादंबरीच झाली नसती. म्हणजे तिला म्हणायचंच नव्हतं. कळलं?

आईच्या चादरींचं काही मनावर घेऊ नकोस. चाळिशीत बायकांना स्वच्छतेचा झटका येतो. माझी चाळिशी लांब आहे, तरी मीही परवा कपाटं पुसली.

सगळं लिही. शर्टाच्या रंगापासून.

तुझी उतावीळ,
मावशी

२५ ऑक्टोबर

मावशी,

शर्ट निळा. आज एकोणिसावा दिवस.

तू हसत वाचतेस हे डोळ्यांपुढे आणून मी दहा दिवस लिहिलं नाही. आता लिहिते, पण हसू नकोस.

आमच्या वर्गातला आहे. खो-खोच्या संघाचा कर्णधार, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. दिसायला चांगला आहे, अभ्यासात बरा आहे, वाईट मुलगा नाही असं सगळे सांगतात आणि मलाही तसंच वाटायचं. त्यानं सप्टेंबरमध्ये मला विचारलं. मी नाही म्हटलं. नीट म्हटलं, रागावून नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “तीन झाले. अजून आठ.”

त्यानंही मोजलंय, मावशी. बाईंनी माझा प्रकल्प वर्गात वाचून दाखवला होता ना.

सात ऑक्टोबरपासून तो पाच ते साडेसहा आमच्या फाटकापाशी उभा असतो. काही करत नाही, हात लावत नाही, वेडंवाकडं बोलत नाही. फक्त उभा असतो, म्हणून तक्रार कशाची करायची तेच कळत नाही. रस्ता काय आमच्या मालकीचा आहे? वर्गातल्या मुली फळ्याच्या कोपऱ्यात रोज आकडा लिहितात. आज कुणीतरी १९ च्या भोवती बदाम काढला होता. मी पुसला, तर सगळे “ओओओ” करून ओरडले, कारण पुस्तकात नायिकाही पुसते.

मी जे काही करते ते पुस्तकात आधीच आहे. रागावले तर ते आहे, रडले तर तेही आहे, आणि बोलणं टाकलं तर त्याच्यावर तू आख्खं प्रकरण लिहिलंयस. मी नाही कुठून म्हणू? बाहेर पडायच्या सगळ्या दारांवर तू बसली आहेस.

सकाळी तलावाच्या दाराशीही तो येतो, टॉवेल घेऊन. पोहायच्या कपड्यांत त्याच्यासमोरून जावं लागतं. या आठवड्यात मी तीनदा सराव बुडवला.

मला भीती वाटते. कशाची ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून ती जास्त वाटते.

खार

२९ ऑक्टोबर

खारू, बाळा,

माझी मागची दोन्ही पत्रं फाडून टाक. मी मूर्ख आहे.

तुझं पत्र मिळाल्यावर मी लगेच तीन गोष्टी केल्या. तुमच्या मुख्याध्यापिकांना सविस्तर लिहिलं, की माझ्या पुस्तकाचा असा उपयोग होतोय आणि तो थांबवा. प्रकाशकांना फोन केला, की पुढची आवृत्ती काढू नका, मला शेवट बदलायचाय. आणि एक नवीन प्रकरण लिहायला घेतलं, ‘एक्केचाळिसावा दिवस’. त्यात ती खाली उतरून स्पष्ट नाही म्हणते आणि तो घरी जातो. दोन पानं झालीत. पुढे सरकत नाही. तो घरी जाताना मला दिसतच नाही. मीच त्याला असा घडवलाय की तो जाणार नाही.

तू आता एक कर. बाबांना सांग. इतके दिवस सांगितलं का नाहीस? आईच्या मागे लागू नकोस, ती बिचारी आधीच कामात बुडालेली असते. भावोजी समंजस आहेत, चष्म्याच्या दुकानात रोज शंभर माणसं हाताळतात. एका शब्दात त्या पोराला वाटेला लावतील.

धीर सोडू नकोस. मी आहे.

मावशी

४ नोव्हेंबर, एकोणतिसावा दिवस

मावशी,

बाबांना सांगितलं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्यासाठी. मग म्हणाले, “एकोणतीस दिवस? पोरगं चिकाटीचं दिसतंय.” आज ते दुकान लवकर बंद करून घरी आले, चपलाही न काढता फाटकाशी गेले, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेऊन आले.

आत, मावशी. आमच्या खुर्चीवर बसवलं.

“घाबरू नकोस रे, मीही तिथूनच आलोय,” असं बाबा त्याला म्हणाले. मग आख्खी गोष्ट सांगितली, तुझ्या पुस्तकातली नाही, त्यांची स्वतःची. पाय कसे दुखायचे, समोरचा किराणावाला कसा बसायला स्टूल द्यायचा. त्यानं मान डोलावत सगळं ऐकलं. मी म्हटलं, “बाबा, मला हा नकोय.” त्याच्यासमोर म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. बाबा हसून त्याला म्हणाले, “हिची आई तर याहून वाईट बोलायची.” त्यावर दोघंही हसले. मला वाटलं आपण काचेच्या पलीकडे आहोत आणि नुसते ओठ हलताहेत.

आईनं चहा आणला, ठेवला आणि मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ती काम करत होती. वरच्या कवळीत तिनं खालचे दात बसवले होते. बावीस वर्षांत तिचा एक दात वाकडा बसलेला नाही. मी दाखवलं तर म्हणाली, “हो का?” आणि सगळे पुन्हा उपटायला घेतले.

मुख्याध्यापिकांना तुझं पत्र मिळालं. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या खूप खूश होत्या. वार्षिक समारंभाला तुला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचंय, मी शब्द टाकावा असं म्हणाल्या. बाकी मजकुराबद्दल म्हणाल्या, “लेखक मंडळी हळवी असतात.”

आणि वही. माझी निळी वही, जिच्यात मी काहीबाही लिहिते. गेल्या आठवड्यापासून सापडत नव्हती. काल बाकावर परत मिळाली. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीनं ती त्याला नेऊन दिली होती. ती रडत म्हणाली, “मला वाटलं, तुझं भलंच होईल.” पानापानावर हिरव्या शाईत त्याची उत्तरं आहेत. एका पानावर मी फक्त एक ओळ लिहिली होती, ‘मला त्याची भीती वाटते.’ त्याच्यापुढे त्यानं लिहिलंय, ‘पान ११२ बघ. तिलाही आधी वाटायची.’

मी पान ११२ बघितलं. खरंच आहे तिथे.

खार

१० नोव्हेंबर

खारू,

सहा दिवस लिहू शकले नाही. तुझ्या मैत्रिणीबद्दलचा तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

तुला एक सांगते. आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ताईची वही मी नेऊन दिली होती. तिच्या उशीखालून काढली, फ्रॉकमध्ये लपवली आणि फाटकाशी भावोजींच्या हातात दिली. बदल्यात त्यांनी मला चोवीस रंगीत पेन्सिलींचा डबा दिला. दहा वर्षांची होते गं मी. मला वाटलं, मी परीकथेतलं कबूतर आहे. पुढे त्या वहीतल्या ओळी शाळेत सगळ्यांना पाठ झाल्या, घरी तुझ्या आजोबांच्या कानावर गेल्या, घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही, हे मला आठवतं. पण माझ्या आठवणीत तो सगळा गोष्टीतला मधला भाग आहे, शेवट गोड होण्याआधीचा. ताईला दूरच्या शहरातल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. ती गेली नाही. का गेली नाही, हे मी कधी विचारलंच नाही. पुस्तकात मी नायिकेला असा प्रवेश मिळालाच नाही असं करून टाकलं, कारण तो कथानकात अडचणीचा होत होता.

हे आईला सांगू नकोस. इतक्या वर्षांनी तिला कशाला दुखवायचं?

प्रकाशकांचं उत्तर आलं. शेवट बदलता येणार नाही, वाचकांना तोच हवाय. उलट कुठल्याशा शाळेत एक मुलगा प्रत्यक्ष चाळीस दिवस उभा राहतोय हे कळल्यावर ते भलतेच उत्साहात आहेत. मी फोन ठेवला.

पण मी येतेय. पंधरा तारखेला दुपारच्या गाडीनं. मी स्वतः त्या फाटकापाशी उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन, की हे पुस्तक चुकलंय, ज्या बाईनं लिहिलं तीच सांगतेय. माझं तरी ऐकावंच लागेल त्यांना. तू खाली उतरू नकोस. गच्च दार लावून बस. बाकी माझ्यावर सोड.

मावशी

१७ नोव्हेंबर

मावशी,

तुला खालून दिसलं नसेल, म्हणून वरून काय दिसलं ते लिहिते.

साडेचारपासून गर्दी जमत होती. आमचा वर्ग, शेजारचे वर्ग, भाषेच्या बाई, काहींच्या आयासुद्धा. कुणीतरी फाटकाला कागदाची फुलं लावली होती. चादरीच्या फटीतून मी बघत होते. पाच वाजता तो आला. आणि पाच-दहाला तू रिक्षातून उतरलीस.

मला एकदम हलकं वाटलं.

आधी एका मुलीनं तुला ओळखलं. “लेखिका! स्वतः लेखिका आल्यात!” असं ती किंचाळली आणि सगळी गर्दी तुझ्याकडे वळली. तू हात वर केलास, बोलायला लागलीस. “हे चुकीचं आहे, मी चुकले,” एवढं मला ऐकू आलं. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. तू ओरडलीस तशा टाळ्या वाढल्या. काहींनी भोवती फोन धरले. मग तो गर्दीतून पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि त्याचं पुस्तक तुझ्यापुढे उघडून धरलं. पेनही त्यानंच दिलं.

आणि तू सही केलीस.

मी बघितलं, मावशी. तू त्याच्याकडे बघून “नाही, नाही” म्हणत होतीस आणि तुझा हात लिहीत होता. तुझा हात हजारो वेळा तेच करत आलाय, त्याला तुझं बोलणं ऐकू आलं नाही. सही झाल्यावर तू स्वतःच हाताकडे बघितलंस. त्यानं पान सगळ्यांना वाचून दाखवलं. तू सगळ्याच पुस्तकांवर लिहितेस तेच वाक्य होतं, ‘जो थांबतो, त्यालाच उत्तर मिळतं.’

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना?

मग मी खाली उतरले. तू मला बघून मान हलवलीस, मला दिसलं ते. पण माझा विचार अगदी सरळ होता. आज नाही म्हटलं तर उद्या एक्केचाळिसावा दिवस. पुस्तक तिथं संपतं, पुढचं कुणालाच माहीत नाही, त्यालाही नाही. मला त्या दिवसाची सगळ्यात जास्त भीती वाटली. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. मी हो म्हटलं.

बाबा रडले. बाईंनी मला मिठी मारली. तू कुठे गेलीस ते दिसलं नाही. नंतर तू दार वाजवत होतीस तेव्हा मी मोरीत होते, आणि नळ मुद्दाम सोडला होता.

आता फाटकापाशी कुणी नसतं. निवड अकरालाच झाली, मी गेले नव्हते. वर्गात सगळ्या मुली माझ्याशी पुन्हा बोलतात. काल तो म्हणाला, पोहणं सोडलंस ते बरंच झालं, सकाळी लवकर उठावं लागायचं.

तुझ्यावर राग नाही. मला फक्त एवढंच सांग, मी तुला कुठले शब्द वापरायचे ते विचारलं होतं. तेव्हा तुला खरंच माहीत नव्हते का?

खार

(त्याच पाकिटात, दुसऱ्या कागदावर)

१८ नोव्हेंबर

धाकटे,

हे पाकीट तिनं मला टपालात टाकायला दिलं होतं. मी ते उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं पाकीट उघडलं, वाफेवर नाही, सरळ फाडलं. वाचलं. त्यात तुझी पत्रं नव्हती, पण ती मी तिच्या कप्प्यातून काढून वाचली. एकदा नियम मोडल्यावर मागेपुढे कशाला बघायचं?

वही तू नेलीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्याकडे चोवीस पेन्सिली आल्या आणि तू मला त्यांतली जांभळी दिलीस. जांभळा तुझा सगळ्यात लाडका रंग. दहा वर्षांचं पोर आपला लाडका रंग उगीच देत नाही. मी तुला कधी बोलले नाही. बोलून काय होणार होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी कॉलेजला का गेले नाही, हे तू इतक्या वर्षांत विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. वहीतल्या ओळी गावभर झाल्यावर आपले बाबा म्हणाले, नाव जोडलंच गेलंय, आता जोडूनच टाकू. मी तेव्हा खाली उतरले ती हो म्हणायला नाही. ‘आता तरी घरी जा’ असं सांगायला उतरले होते. पण फाटकापर्यंत पोचेस्तोवर सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यात मी काय म्हटलं, ते मलाच ऐकू आलं नाही.

हे माणूस म्हणून वाईट नाहीत गं. मला कधी दुखावलं नाही, आजारपणात उशाशी बसले, मुलीवर जीव टाकतात. बावीस वर्षं ते पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात आणि मी चहा आणते. या गोष्टीवर आख्खं घर उभं आहे, म्हणून तिला कधी हात लावला नाही. तुझं पुस्तक मी एकशेबाराव्या पानापर्यंत वाचलं आणि कपाटावर ठेवलं. तुला सांगितलं, वेळ होत नाही.

पोरीसाठी मला एवढंच सुचलं, की चादर घालावी. दिसू नये निदान. चाळीस दिवस रोज घातली. याहून जास्त मला येत नव्हतं, आणि याची लाज वाटते.

काल संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी गणित सोडवत बसली होती. मी विचारलं, “तुला हो म्हणायचं होतं का?”

तिनं मान वर न करता विचारलं, “तुला?”

पुढच्या खोलीत हे कुणाच्यातरी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळत होते, गुणगुणत होते. मी उठले. मधलं दार लावलं. ते दार आम्ही कधी लावत नाही, बिजागऱ्या किती कुरकुरल्या! मग परत येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, “नाही.”

धाकटे, ते इतकं हळू निघालं की मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. पण तिला गेलं. तिनं पेन ठेवलं, माझा मेणानं चिकट झालेला हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, “आई, आता काय करायचं?”

मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव. पुस्तकातलं नको.

ताई